आधी पाणी

"बोला, काय काम आहे?" फ्रेमाने काचेतल्या भोकातून विचारलं. हसून विचारलं, मुख्य कचेरीत नव्या पोरींना शिकवतात तितके दात दाखवून विचारलं, आणि पलीकडची म्हातारी काही बोललीच नाही. बहिरी नव्हती ती. तिने डोक्याचा रुमाल सारखा केला, खांद्यावरून घसरलेलं निळं कापड ओढून काखेत दाबलं, खुर्चीवर सावकाश टेकली आणि फ्रेमाकडे नुसती पाहत राहिली.  मागच्या रांगेत कुणीतरी दातांतून हवा ओढून तो लांबट आवाज काढला, कुमासीत ज्या आवाजाने समोरच्याची लायकी काढतात तो. मग म्हातारी फ्रेमाशी नाही, शेजारच्या भिंतीशी बोलली, "मी आपियाक्रोमची टेकडी उतरून पायी आले. या घरात बाईमाणूस नाही वाटतं." दाराशी उभा असलेला रखवालदार इसाका म्हणाला, "आहे की आजी, ही काय समोर बसलीय." "मग पाणी कुठंय?" म्हातारीने विचारलं, आणि अख्खी कचेरी हसली. पाणी कंपनीच्या कचेरीत येऊन पाणी मागितलं म्हटल्यावर हसणारच लोक. फ्रेमाचे कान तापले ते त्या हसण्यामुळे नाही. आलेल्या माणसाला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, तो प्याला की आपल्याकडची खुशाली सांगायची आणि मग कुठे त्याचं काम विचारायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं, आणि चुकलं तर पाठीत धपाटा बसतो. पन्नाशी ओलांडलेल्या फ्रेमाने भर सकाळी एका आजीला दारातच काम विचारलं होतं. म्हणजे सरळ 'कशाला आलीस?' असंच विचारलं होतं.

इसाकाने आपल्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून आणलं. म्हातारीने दोन थेंब पूर्वजांसाठी फरशीवर सांडले, उरलेलं घटाघटा प्याली, पेला परत दिला आणि पुन्हा फ्रेमाकडे पाहिलं. आता कुठे तिच्या दृष्टीने ती या घरात आली होती. कित्येक वर्षांत फ्रेमाने न उच्चारलेलं वाक्य तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "इकडे सगळं ठीक आहे आजी. वाट तुम्ही चालून आलात, तेव्हा तुम्हीच सांगा." म्हातारीने सांगितलं. नाव पोकुआ. टेकडीवर राहते. नळ कोरडा पडल्याला वर्ष होत आलं, नळाच्या तोंडात गांधीलमाशीने घर केलंय, सुना खालच्या ओढ्यावरून पिवळे डबे डोक्यावर घेऊन चढतात, धाकटीचं त्यात पोट पडलं. हे शेवटचं तिने आवाज न चढवता, नळ आणि गांधीलमाशी सांगितली त्याच सुरात सांगितलं. फ्रेमाच्या समोर काचेला आतून एक कार्ड चिकटवलेलं होतं, मोठ्या अक्षरांत. तिने ते वाचलं: तुमची तक्रार नोंदवली आहे, अठ्ठेचाळीस तासांत कारवाई होईल, कंपनीवरच्या विश्वासाबद्दल आभार. पोकुआ आजी उठता उठता म्हणाली, "मागल्या वेळच्या पोरीनेही हेच सांगितलं. मी घरी जाऊन नळापाशी बसून राहिले. शेजारणी म्हणाल्या, म्हातारी नळाशी लग्न लावतेय." कचेरी पुन्हा हसली, आणि फ्रेमालाही हसू आलं, पण ते तिने लगेच आवरलं. कारण अठ्ठेचाळीस तासांत काय होणार ते या कचेरीत तिला एकटीलाच नक्की ठाऊक होतं. काहीही होणार नव्हतं. टेकडीच्या जलवाहिनीची दुरुस्ती या वर्षीच्या कामांतून काढून टाकली होती, आणि ती काढली त्या बैठकीत फ्रेमा स्वतः बसली होती.

राजधानी आक्रात, मुख्य कचेरीच्या चौथ्या मजल्यावर, जिथे थंड हवेच्या यंत्रामुळे बायका दुपारी खांद्यावर शाल घेतात तिथे. कुमासीच्या वर्तुळमार्गावर नवी हॉटेलं उभी राहत होती, त्यांना पाणी हवं होतं, आणि जे पाणी टेकडीवर चढवायला महाग पडतं ते हॉटेलांत सपाटीने जातं, असं एका मुलाने रंगीत चित्रं दाखवून समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. फ्रेमाने विचारलं, "मग टेकडीवरच्या लोकांना हे सांगणार कोण?" तिने काही बंडबिंड केलं नव्हतं. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. पंचवीस वर्षांपूर्वी तिने नोकरी सुरू केली ती कुमासीच्या खिडकीवरच, त्यामुळे असले प्रश्न तिला पडायचे. संचालक लार्टेसाहेब संत्रं सोलत होते. ते म्हणाले, "तुम्हालाच एवढा कळवळा आहे तर तुम्हीच जा की सांगायला." बैठक हसली. सवयीने फ्रेमाही हसली, आणि ते हसू अजून तिच्या गालांना चिकटल्यासारखं वाटायचं, धुतलं तरी न जाणारं. पुढच्या आठवड्यात बदलीचा हुकूम आला. हुकमात त्याला ग्राहकांशी जवळीक म्हटलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या मैत्रिणींनी केक कापला, एकीने कानात सांगितलं, "तोंड बंद ठेव, सहा महिन्यांत परत वर येशील." फ्रेमाला तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं होतं. मान खाली घालून दिवस काढायचे आणि परत वर यायचं, एवढं ठरवून ती बसमध्ये बसली होती. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. कोण कुणासाठी उगाच घर जाळून घेतं?

पण खिडकीवर बसलं की माणूस ठरवल्यासारखा राहत नाही. वरच्या मजल्यावर तक्रार म्हणजे तक्त्यावरची एक उभी काठी असायची, गेल्या महिन्यापेक्षा उंच नाहीतर बुटकी. इथे तक्रारीला घामाचा वास येत होता, तिच्या कडेवर पोर होतं, तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. काचेचं भोक नेमकं तोंडाच्या उंचीवर, त्यामुळे समोरच्याने सकाळी मिरचीचा शितो लावून मक्याचं केंके खाल्लंय की उपाशी आलाय तेही आत कळायचं. पहिल्या आठवड्यात फ्रेमाची कंबर मोडली, घसा बसला, डावा डोळा फडफडायला लागला. एका बाईने तिच्या आईचा उद्धार केला. एक मास्तर रोज यायचा, रोज तेच बोलायचा, आणि जाताना रोज न चुकता आभार मानायचा. त्याच्या आभारांनी जेवढं लागायचं तेवढं त्या शिवीने लागलं नाही. संध्याकाळी भाड्याच्या खोलीत पाय बादलीत सोडून बसलं की तिला वाटायचं, आपण इतकी वर्षं कुठे होतो? काय खात होतो, कुणाशी बोलत होतो? तिला स्वतःचा राग यायचा आणि तो राग, का कोण जाणे, बरा वाटायचा. अंगातलं रक्त पुन्हा फिरायला लागल्यासारखं वाटायचं. ती तरुण असताना याच कचेरीत लाकडी टेबल होतं, काच नव्हती, आणि कोपऱ्यात मातीचा घडा आणि वर पेला असायचा. घड्याच्या जागी आता नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र होतं. ते यंत्र बाईच्या गोड आवाजात इंग्रजीतून बोलायचं, आणि खेड्यातून आलेले म्हातारे त्याला वाकून नमस्कार करायचे.

दुसऱ्या आठवड्यात फ्रेमाने इसाकाला पाठवून पाण्याच्या पिशव्यांचं पोतं आणवलं, घरून चार पेले आणले, आणि खिडकीतून उठून, दाराला वळसा घालून, येणाऱ्या प्रत्येकाला पाणी द्यायला लागली. पिशवीचा कोपरा दातांनी फाडून चोखायला तरुणांची हरकत नव्हती, म्हाताऱ्यांना पेला लागायचा. मग खुशाली, मग काम. रांग लांबली, पण रांगेतला आरडाओरडा कमी झाला. ज्याच्या हातचं पाणी आत्ताच प्यालो त्याच्या आईचा उद्धार करणं माणसाला जड जातं. हे फ्रेमाला तिच्या आईकडून ठाऊक होतं. आई कपडे शिवायची, इथल्याच आसाफो भागात एका मोठ्या वाड्यावजा चाळीत एका खोलीत, आणि एकदा तिचं यंत्र उचलून न्यायला पतपेढीचा माणूस आला होता, बरोबर दोन हमाल. आईने तिघांना बाकावर बसवलं. तिघांना पाणी दिलं. म्हणाली, इकडे सगळं ठीक आहे, वाट तुम्ही चालून आलात. तो माणूस रिकामा पेला हातात धरून बसला आणि त्याच्या तोंडून काम बाहेर पडेना. शेवटी त्याने यंत्राला तेल कुठलं घालता असं काहीतरी विचारलं आणि गेला. नंतर आला तो नाहीच, दुसऱ्याला पाठवलं, त्यालाही आईने बसवलं. लहान फ्रेमाला तेव्हा आईची लाज वाटली होती, की ही भांडत का नाही, पाणी कसलं पाजते. आता खिडकीच्या अलीकडे उभी राहून कुणाच्या तरी हातात पेला देताना तिला कळायचं की आई भांडतच होती. दार अडवून उभी होती ती.

शाखेचा व्यवस्थापक चेरेमे याला हे पसंत पडणं शक्यच नव्हतं. पस्तिशीचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट, मनाने वाईट नाही, पण वरून फोन आला की उभा राहून बोलायचा. त्याने तिला आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं. "मॅडम, पाण्याच्या कंपनीत तुम्ही पाणी विकत आणून वाटता. बाहेर लोक काय म्हणत असतील?"

"म्हणतात की नळाला नाही, निदान कचेरीत तरी आहे," फ्रेमा म्हणाली.

"थट्टा नको. तुमच्या खिडकीवरचा माणूस उठतच नाही. बाकीच्या पोरी दिवसाला तुमच्या दुप्पट लोक काढतात."

"काढतात खऱ्या. तीच माणसं दोन दिवसांनी परत येतात, पुन्हा काढतात. तुझ्या हिशोबात ती नवीन धरतोस ना?"

चेरेमे हसला, कारण खोटं नव्हतं. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मलाही आजी आहे. तिच्या घरी मीही आधी पाणी पितो. पण माझा पगार आजी देत नाही. साहेबांचा फोन होता. म्हणाले, बाईंना सांग, कार्डावरचं बोलायचं आणि कार्डावरचंच बोलायचं. तेवढं केलंत तर नाताळच्या आधी तुम्ही परत चौथ्या मजल्यावर. नाहीतर नाताळ घरीच. टेकडीबद्दल एक अक्षर नको. मी तुमच्या पाया पडतो." आणि त्याने खरंच दोन्ही हात जोडले. फ्रेमाला त्याची दया आली. बाहेर येऊन ती खिडकीत बसली आणि दिवसभर कार्ड वाचत राहिली. नीट वाचलं, न अडखळता वाचलं, पाणी देऊन वाचलं, आणि तेच जास्त घाण वाटलं. नुसतं खोटं बोलणं एक, आणि पेला हातात देऊन, इकडे सगळं ठीक म्हणून, मग खोटं बोलणं दुसरं. आईने त्या पतपेढीवाल्याला निदान फसवलं नव्हतं. संध्याकाळी तिने पेले विसळले आणि ठरवलं की उद्यापासून पाणी बंद. काच, कार्ड, नाताळ. माणसाला एका वेळी एकच काहीतरी होता येतं, एवढं तरी मी या वयात शिकायला हवं, असं ती स्वतःला बजावत राहिली. रात्री तिला झोप छान लागली, याचाही तिला सकाळी राग आला.

त्याच सकाळी टेकडी खाली आली. इसाकाने दार उघडलं आणि पोकुआ आजी आत आली, तिच्यामागे म्हातारे, बाया, एक पाद्री, धाकटी सून. म्हाताऱ्यांनी उजवा खांदा उघडा टाकून जाड कापडं पांघरली होती, जशी मुखियाच्या दरबारात जाताना पांघरतात. कुणाच्या हातात फलक नव्हता. कुणी ओरडलं नाही. नंबराच्या यंत्राने इंग्रजीतून स्वागत केलं, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. ते बाकांवर बसले, जागा संपली तसे भिंतीला टेकले, आणि गप्प राहिले. रांगेतले बाकीचे लोकही आपोआप बाजूला झाले. काचेच्या खोलीतून चेरेमेने फ्रेमाकडे पाहिलं आणि बोटाने कार्डाकडे खूण केली. कार्ड समोरच होतं, तिला पाठही होतं. फ्रेमा बसून राहिली.  तिच्या मनात आलं, आपण फक्त 'काय काम आहे' एवढं विचारलं की झालं. ते दुखावतील, कार्ड ऐकतील, निघून जातील, आणि आपण खोटं बोललो ते कुणा पाहुण्याशी नाही, नंबराशी बोललो असं होईल. सोपं होतं. ओठ उघडलेसुद्धा तिने. पण धाकट्या सुनेकडे लक्ष गेलं. ती उभी होती, डोक्यावर गुंडाळलेल्या फडक्याची चुंबळ तशीच, डबा खाली ठेवून थेट इकडेच आलेली, आणि ती कुणाकडेच पाहत नव्हती. इतकी थकलेली की रागही नाही. फ्रेमा उठली.

पेले चारच होते, त्यामुळे वेळ लागला. आधी पोकुआ आजीला, मग म्हाताऱ्यांना, मग पाद्र्याला, मग बायांना, सुनेला. इसाका पोतं घेऊन मागे मागे. उजव्या हाताने पेला द्यायचा, रिकामा घ्यायचा, विसळायचा, पुढचा. कुणी घाई केली नाही. कचेरीत फक्त पाणी गिळल्याचा आवाज येत होता. चेरेमे दाराशी येऊन उभा राहिला होता, पण वडीलधारे पाणी पीत असताना मध्ये बोलायची त्याचीही छाती नव्हती. शेवटचा पेला परत आला आणि सगळ्यांनी फ्रेमाकडे पाहिलं. आता तिने म्हणायचं होतं, इकडे सगळं ठीक आहे. जन्मभर ऐकलेलं वाक्य. आईच्या तोंडून ते फक्त एकदाच वेगळं ऐकलं होतं. फ्रेमाचा बाप घर सोडून दुसरीकडे राहायला गेला त्या आठवड्यात मामा गावाहून आला, काही ठाऊक नसताना, रताळी घेऊन. आईने त्याला पाणी दिलं, पेला परत घेतला आणि म्हणाली, "इकडे ठीक नाही." मामाने काही विचारलं नाही. त्याने चपला काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या आणि मांडी घालून बसला. यजमानाने ठीक नाही म्हटलं की पाहुण्याला आपलं काम बाजूला ठेवून ऐकावं लागतं, आणि ऐकलं की त्यात उतरावं लागतं. मामा पावसाळा संपेपर्यंत राहिला. ते वाक्य बोलताना आईचा चेहरा कसा होता? रडवेला नव्हता. ताठ होता. ओझं एकटीने वाहणार नाही असं ठरवलेल्या बाईचा चेहरा होता तो.

"इकडे ठीक नाही," फ्रेमा म्हणाली.

एक म्हातारा पुढे वाकला. दुसऱ्याने कानामागे हात धरला. चेरेमे म्हणाला, "मॅडम," आणि थांबला.

"ठीक नाही आजी. तुम्ही ज्या कामाला आलात ते मला ठाऊक आहे, म्हणून आधी मीच सांगते. टेकडीचं पाणी नुसतं बंद पडलेलं नाही, बंद ठेवलंय. तुमच्या जलवाहिनीची दुरुस्ती या वर्षीच्या कामांत नाही. पुढच्या वर्षीही असेल असं कुणी म्हटलेलं नाही. ते पाणी वर्तुळमार्गावरच्या हॉटेलांना जातंय. हे ठरलं तेव्हा मी त्या खोलीत होते. अठ्ठेचाळीस तास, अठ्ठेचाळीस तास म्हणून मी तुम्हाला सांगितलं, या पोरी सांगतात, ते कार्डावर लिहिलंय म्हणून. नळापाशी बसू नका. नळात काही नाही."

 मग पाद्री पुटपुटला, "देवा." सून मात्र पहिल्यांदाच मान वर करून फ्रेमाकडे पाहायला लागली, आणि तिच्या थकलेल्या तोंडावर जो राग हळूहळू चढत गेला तो पाहून फ्रेमाला रडू येईलसं वाटलं, इतका तो जिवंत होता. तिला भीती वाटत होती, खूप वाटत होती. तरीही छातीत जागा झाल्यासारखं, बसमध्ये बसल्यापासून आत कोंबून ठेवलेलं कुणीतरी उठून उभं राहिल्यासारखं वाटत होतं. आता काय करायचं ते करा, असं तिने मनातल्या मनात लार्टेसाहेबांना, संत्र्यासकट, सांगितलं.

 चेरेमेच्या खोलीत फोन वाजत होता. इथे जे बोललं गेलं ते वर पोचायला वेळ लागत नाही. तो पुढे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, तुमचं इथलं काम संपलं. ओळखपत्राचा पट्टा काढून द्या आणि घरी जा." त्याला ओरडायचं होतं, पण आवाज फाटला. फ्रेमाने गळ्यातला पट्टा काढला, त्याच्या हातात ठेवला. कुठे जायचं हे तिला सुचेना. ती तशीच उभी राहिली, खिडकी आणि बाकं यांच्या मध्ये, हातात ओला पेला.

मग पोकुआ आजी उठली. तिच्यामागे सगळे उठले. तिने कापड सारखं केलं आणि चेरेमेला ओलांडून, तो तिथे नसल्यासारखी, फ्रेमासमोर येऊन उभी राहिली. "बाई, तुझं पाणी प्यालो," ती म्हणाली. "तुझं ऐकलं. आता आम्ही वाट मागतो."

पाहुणा निघताना यजमानाकडे वाट मागतो, आणि ती द्यायचा अधिकार त्या घरच्या माणसालाच असतो. चेरेमेलाही हे कळत होतं. तो म्हणाला, "आजी, या बाई आता इथल्या कुणी नाहीत. वाट मी देतो. या तुम्ही." दारही त्याने स्वतः उघडून धरलं. म्हातारी हलली नाही. टेकडीवरचं एकही माणूस हललं नाही. सगळे फ्रेमाकडे पाहत उभे राहिले. पूर्ण वाट दिली की भेट संपते. पाहुणा जातो, मागे काही उरत नाही. अर्धी दिली की उरलेल्या अर्ध्या वाटेसाठी त्याला परत यावंच लागतं, आणि घराला त्याला पुन्हा बसवावंच लागतं. फ्रेमाने पेला खिडकीच्या फळीवर ठेवला. वळून ती आपल्या उंच खुर्चीवर जाऊन बसली, आणि काचेच्या भोकातून न बोलता काच बाजूला सरकवून बोलली.

"अर्धी," ती म्हणाली. "अर्धीच देते. उद्या येताना सगळी टेकडी घेऊन या."